सिएटलचा बर्फाचा दिवस: सकाळचे पाच-सहा तास हातचे घालवू नका

मुंबईहून आलेल्या माणसाला सिएटलचा पाऊस म्हणजे नुसती भुरभुर वाटते, आणि ते खरंही आहे. इथे वर्षभरात साधारण ३९ इंच, म्हणजे हजारेक मिलिमीटर पाऊस होतो. सांताक्रूझला एकट्या जुलैत जवळपास तेवढा कोसळतो. बर्फाची सरासरी वर्षाला सहा इंचांच्या आसपास आहे, पण ती फसवी आहे. एखादा हिवाळा कोरडा जातो, दुसऱ्यात दोन इंच पडून दुपारी धुऊन जातो, आणि मग २०१९ च्या फेब्रुवारीसारखा महिना येतो. त्या एका महिन्यात सी-टॅक विमानतळावर २०.२ इंच बर्फाची नोंद झाली. २०२१ च्या फेब्रुवारीत १२ आणि १३ तारखेला मिळून ११ इंचांहून जास्त पडला. १९१६ मध्ये तर २ फेब्रुवारीला सेंट जेम्स कॅथेड्रलचा घुमट बर्फाच्या ओझ्याखाली खाली आला.

शिकागो किंवा मिनिआपोलिसमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांचा बर्फाबद्दलचा सल्ला इथे फारसा चालत नाही. तिथला बर्फ कोरडा असतो आणि महिनोन्महिने टिकतो. सिएटलचा बर्फ शून्य अंशाच्या उंबरठ्यावर पडतो. तो ओला, जड आणि चिकट असतो आणि बहुतेक वेळा दुपारपर्यंत त्याचा रबरबाट होतो. संध्याकाळी तोच रबरबाट गोठून काच बनतो. म्हणून खरी मजा सकाळच्या पाच-सहा तासांत, पायी, घरापासून अर्ध्या-पाऊण मैलाच्या आत करायची असते. पुढची सगळी तयारी त्या तासांसाठी आहे.

पडणार की नाही, हे कसं ओळखायचं

सिएटलच्या पश्चिमेला पॅसिफिक महासागर आहे आणि तिकडून येणारी हवा थंड असली तरी गोठवणारी नसते. पूर्वेला कॅस्केड पर्वताची भिंत असल्यामुळे खंडाच्या आतली कडाक्याची थंडी सहसा इकडे उतरत नाही. म्हणून बर्फासाठी दोन गोष्टींचा योग लागतो. एक म्हणजे ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर नदीच्या खोऱ्यातून गळणारी उत्तरेची कोरडी, गार हवा. दुसरी म्हणजे समुद्राकडून येणारं ओलं ढगांचं दळ. थंडी आधी येऊन बसली आणि ओल तिच्या डोक्यावर आली तर बर्फ. ओल आधी आली तर नेहमीचाच पाऊस. दोन्हींची गाठ काही तासांनी चुकली तरी बेत फसतो, आणि इथले अंदाज इतके डळमळतात ते याच कारणाने.

फोनवरच्या ॲपमधलं बर्फाचं चिन्ह पाहून काही ठरवू नका. राष्ट्रीय हवामान सेवेच्या सिएटल कार्यालयाचे हवामानतज्ज्ञ दिवसातून अनेकदा मजकुराच्या रूपात विवेचन लिहितात, ते वाचा. त्यात त्यांना कशाची खात्री आहे आणि कशाची नाही, हे सरळ लिहिलेलं असतं. त्याच्या जोडीला चार गोष्टी स्वतः पाहता येतात.

कॅनडाच्या सीमेजवळच्या बेलिंगहॅममध्ये वारा ईशान्येकडून जोरात सुटला आहे का? सुटला असेल तर फ्रेझरचं दार उघडलं आहे.

दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते तो आकडा, शून्याखाली गेला आहे का? हा आकडा तापमानापेक्षा महत्त्वाचा आहे. बाहेर ३ अंश आहेत आणि हवा कोरडी आहे, तर सुरुवातीचे थेंब वाटेतच वाफ होतात आणि हवा गार करतात. माठातलं पाणी गार होतं तसंच हे. तासाभरात पावसाचा बर्फ होतो. उलट बाहेर १ अंश आहे पण हवा आधीच ओलीचिंब आहे, तर रात्रभर पाऊसच पडत राहू शकतो.

बर्फाची पातळी, म्हणजे जिच्या वर पावसाऐवजी बर्फ पडतो ती उंची, किती फुटांवर सांगितली आहे? ५०० फूट म्हटलं असेल तर तुमचं घर किती उंचीवर आहे ते पाहा. सिएटल शहरातली सर्वांत उंच जागा वेस्ट सिएटलमध्ये, ५२० फुटांच्या आसपास आहे. क्वीन ॲनचा माथा साधारण साडेचारशे फूट. रेडमंडचा बाजारपेठेचा भाग जेमतेम पन्नास फुटांच्या आगेमागे, तर इसाक्वा हायलँड्स त्याच्या कितीतरी वर. त्यामुळे एकाच सकाळी रेडमंडमध्ये पाऊस आणि हायलँड्सवर चार इंच बर्फ, हे नेहमी घडतं. सरी जोराच्या झाल्या तर पातळी आणखी काहीशे फूट खाली येते, कारण वितळणारा बर्फ हवेतली उष्णता शोषून घेतो.

चौथी गोष्ट फक्त उत्तरेकडच्या लोकांसाठी. ऑलिंपिक पर्वताला वळसा घालून दोन बाजूंनी आलेला वारा शहराच्या उत्तरेला पुन्हा एकत्र येतो आणि तिथे ढग उभे करतो. बोथेल, लिनवुड, एव्हरेट या पट्ट्यात सहा इंच आणि रेंटनमध्ये कोरडं आकाश, असा प्रकार होतो तो यामुळे. एव्हरेटच्या मित्राने फोटो पाठवला म्हणून रेंटनच्या मुलांना आशेला लावू नका.

बर्फाऐवजी गोठणारा पाऊस, म्हणजे जमिनीला लागताच गोठणारे थेंब, सांगितला असेल, तर बाहेर जाण्याचा बेत रद्दच करा. २३ डिसेंबर २०२२ ला असा पाऊस झाला आणि रस्ते, पायऱ्या, फुटपाथ सगळं काचेचं झालं. त्यात मजेसारखं काही नसतं.

आदल्या रात्री

दुकानात शक्यतो दोन दिवस आधी जाऊन या. अंदाज जाहीर झाला की आदल्या संध्याकाळी दूध, पाव, बटाटे, मीठ आणि फावडी यांचा फडशा पडलेला असतो. घरात दोन दिवसांचं दूध, पोह्यांचा डबा, बेसन, कांदे, आलं आणि मेणबत्त्या असल्या की पुरे. आठवडाभराचा साठा करण्याची गरज बहुतेक वेळा नसते.

अंगणातल्या नळाला लावलेली पाण्याची नळी काढून ठेवा आणि नळावर फोमची टोपी चढवा. नळी लावलेलीच राहिली तर तिच्यातलं पाणी गोठून मागे सरकतं आणि भिंतीच्या आतला पाइप फुटतो. कळतं मात्र वितळल्यावर, तळघर भिजलं की. तापमान उणे ६-७ अंशांच्या खाली जाणार असेल तर बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालचं कपाट उघडं ठेवा आणि नळाची करंगळीहून बारीक धार चालू ठेवा. मुख्य पाणी बंद करायची चावी कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असू द्या.

बाल्कनीतली तुळस आणि कढीपत्ता आत घ्या. ही दोन्ही झाडं एका रात्रीच्या गोठणबिंदूनेही मान टाकतात. गाडीचे वायपर काचेपासून वर उचलून ठेवा, फोन आणि पॉवर बँक पूर्ण चार्ज करा, आणि एक मोठं स्टीलचं पातेलं स्वच्छ धुऊन, कोरडं करून दाराशी ठेवा. ते कशाला, ते पुढे येईलच.

सकाळी सहा ते आठ

शाळा बंद आहे की दोन तास उशिरा, हे सिएटल, बेलव्ह्यू, लेक वॉशिंग्टन, नॉर्थशोर, इसाक्वा हे शाळा-जिल्हे, म्हणजे शाळा चालवणारे स्थानिक विभाग, आपापलं ठरवतात आणि पहाटे कळवतात. शेजारच्या जिल्ह्याचा निरोप आपला समजू नका. बंद झालेले दिवस सहसा जूनमध्ये भरून घेतात, तेव्हा भारताची तिकिटं शाळेच्या शेवटच्या दिवसाला अगदी चिकटून काढलेली असतील तर तारखा तपासून घ्या.

मग कपडे. भारतातून आणलेला जाड सुती स्वेटर आणि जीन्स इथल्या बर्फात कुचकामी आहेत. सुती कापड ओलं झालं की अंगाची ऊब शोषून घेतं, आणि हा बर्फ ओलाच असतो. सिएटलकरांकडे मात्र एक गोष्ट आधीच असते: चांगला रेनकोट. तोच वर घाला. आत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा अंगालगतचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर रेनकोट. खाली पावसाळी पँट. एका दिवसासाठी दोनशे डॉलरचा बर्फाचा सूट विकत घेण्याचं काहीच कारण नाही.

बर्फाचे बूट नसतील तर लोकरी मोज्यांवर पावाची प्लॅस्टिकची पिशवी चढवा, तिच्यावर दुसरा सैलसर मोजा आणि मग पावसाळी बूट. पिशवी घोट्याच्या वर यायला हवी, नाहीतर वरून आत शिरलेला बर्फ तिथेच वितळून पाय पाण्यात राहतो. बूट घट्ट होत असतील तर एक मोजा कमी करा, कारण आवळलेल्या पायात रक्त फिरत नाही आणि तो लवकर गारठतो. हातांसाठी लोकरी हातमोज्यांवर भांडी घासायचे रबरी मोजे घाला. दिसायला कसेही दिसोत, मुलांचे हात तासभर जास्त कोरडे राहतात. प्रत्येकासाठी मोज्यांची एक जास्तीची जोडी खिशात ठेवा.

आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांना बाहेर नेण्याआधी दारातली पहिली पायरी स्वतः तपासा. पडण्याचे प्रसंग बर्फात कमी आणि त्याखालच्या गोठलेल्या पाण्यावर जास्त येतात. कोकणातल्या शेवाळलेल्या पायवाटेवर जसं चालतात तसं चालायला सांगा: अख्खं पाऊल एकदम टेकवायचं, पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर. बुटावरून जुना लोकरी मोजा चढवला तरी पकड बरीच सुधारते.

घसरगुंडी

सिएटल हे टेकड्यांचं शहर असल्याने उतार शोधावा लागत नाही. चुकीचा उतार टाळावा लागतो. गॅस वर्क्स पार्कमधली पतंगाची टेकडी सर्वांत लाडकी आहे. तिथे लेक युनियनच्या बाजूचा उतार सोडा आणि पार्कच्या आतल्या बाजूला उतरा. व्हॉलंटियर पार्क आणि डिस्कव्हरी पार्कमध्ये लहान मुलांसाठी सौम्य उतार मिळतात. पूर्वेकडच्या उपनगरांत राहणाऱ्यांनी गाडी काढून सिएटलला येऊ नये. घराजवळच्या शाळेमागचं मैदान किंवा वसाहतीतली हिरवळ बहुतेकदा पुरते.

उतार निवडताना दहा पावलं पुढे गेल्यावर साधारण दोन पावलांची उंची चढली, तर तो पुरेसा आहे. त्याहून उभा असेल तर ओल्या बर्फातही वेग आवरत नाही. उताराच्या लांबीइतकी तरी सपाट जागा खाली हवी, आणि तिच्या टोकाला झाड, बाक, कुंपण, तळं किंवा रस्ता नको. आधी चालत खाली जाऊन बर्फाखाली काय दडलं आहे ते बुटाने चाचपा. तीन इंच बर्फात दगड, पाण्याचे फवारे आणि झाडांची मुळं पूर्ण झाकली जातात.

रस्त्यावर स्लेड, म्हणजे बर्फावरून घसरायची पाटी, चालवू नका, तो कितीही रिकामा दिसो. १९ डिसेंबर २००८ ला कॅपिटल हिलवर थॉमस स्ट्रीटच्या उतारावरून दोन मोठ्या बस घसरल्या, कठडा तोडला आणि आय-५ या महामार्गाच्या वर अधांतरी अडकल्या. ज्या उतारावर मोठी बस थांबत नाही, तिथे प्लॅस्टिकची स्लेड थांबवण्याचा प्रश्नच येत नाही.

दुकानातल्या स्लेड पहाटेच संपतात. घरातल्या वस्तूंपैकी सामान साठवायच्या मोठ्या प्लॅस्टिक खोक्याचं झाकण सर्वांत चांगलं चालतं, कारण त्याला कडेला धरायला जागा असते. जाड पुठ्ठाही चालतो, पण ओल्या बर्फात तो दहा मिनिटांत लगदा होतो, म्हणून कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा. स्टीलची परात नेऊ नका. ती गोल फिरते, दिशा देता येत नाही आणि तिची कड हाताला कापते. हवा भरलेली गादी फार वेगात जाते आणि वळवता येत नाही, तीही नको.

इथल्या बर्फात स्लेड चिकटते, ही सगळ्यांची तक्रार. बर्फातलं पाणी तळाला चिकटून ओढ निर्माण करतं. उपाय मेणबत्तीचा आहे: साधी पांढरी मेणबत्ती तळावर सगळीकडे रगडा, मग कोरड्या फडक्याने पुसून गुळगुळीत करा. वीसेक फेऱ्यांनी पुन्हा लावा. पहिल्या चार-पाच फेऱ्या हळूच जातील, कारण त्या वाट दाबून पक्की करत असतात. वर चढताना त्या वाटेवरून चालू नका. एकेका पावलाचा खड्डा पुढच्या मुलाला उडवतो. चढायची वाट पंधरा-वीस फूट बाजूला ठरवून घ्या आणि सगळ्यांना ती पाळायला लावा.

मुलांनी नेहमी बसून, पाय पुढे करून उतरायचं. पोटावर, डोकं पुढे करून कधीच नाही. सायकलचं हेल्मेट घाला. थांबता येत नाही असं वाटलं तर स्लेड सोडून कडेला लोळायचं, हे वर असतानाच दोन-तीनदा करून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला मोठ्याच्या पायांत बसवा.

स्नोमॅन

इथला बर्फ स्नोमॅनसाठी उत्तम, कारण तो मुठीत धरताच गोळा होतो. मूठभर बर्फ दाबून पाहा. भुगा झाला तर थोडं थांबा, तापमान उणे १ ते अधिक १ अंशाच्या मध्ये आलं की जमेल. पाणी गळलं तर उशीर झाला आहे, लवकर उरका.

तीन गोळ्यांचा व्यास साधारण ६०, ४५ आणि ३० सेंटिमीटर ठेवा. यापेक्षा मोठा करायचा मोह होतो, पण वजन पाहा: घट्ट दाबलेल्या ओल्या बर्फाचा ६० सेंटिमीटरचा गोळा ४५ किलोच्या आसपास भरतो, ४५ चा १९ किलो, ३० चा सहा किलो. व्यास ९० केलात तर तो दीडशे किलोचा होतो आणि जागचा हलत नाही. मधला गोळा उचलताना पाठ धरते, तेव्हा दोघांनी मिळून गुडघ्यात वाकून उचला, किंवा फळी तिरकी लावून ढकलत वर न्या.

स्नोमॅन जिथे उभा करायचा, तिथेच सर्वांत मोठा गोळा संपेल अशी वाट ठरवा. गोळा एकाच दिशेने लोटला तर गुंडाळलेल्या गालिच्यासारखा लांबट होतो, म्हणून दर दोन-तीन फुटांनी पाव वळण द्या. तीन इंच बर्फ असेल तर तीनही गोळ्यांसाठी दहा-बारा चौरस मीटर हिरवळ लागते. गवत आणि मॅपलची कुजकी पानं चिकटतातच. वरून ताजा बर्फ लिंपला की झाकली जातात. प्रत्येक गोळ्याचा माथा फावड्याने सपाट करून त्यावर पुढचा बसवा आणि सांध्यात मूठ-मूठ बर्फ ठासा. बहुतेक स्नोमॅन पडतात ते या सांध्यातून. भिंतीच्या उत्तरेला, सावलीत केलेला एक-दोन दिवस जास्त उभा राहतो.

बर्फाचा गोळा, कोकमाचा

दाराशी ठेवलेलं पातेलं आता बाहेर न्या. बर्फ सुरू झाल्यावर निदान तासभराने ठेवा, कारण पहिला बर्फ हवेतली धूळ आणि धूर सोबत घेऊन येतो. पातेलं उघड्यावर, छपराच्या पागोळ्यांपासून आणि झाडापासून लांब ठेवा. जमिनीवरचा, गाडीवरचा किंवा कठड्यावरचा बर्फ खायला घेऊ नका.

पाक आधी करावा लागतो. एक कप साखर आणि अर्धा कप पाणी उकळून चार-पाच मिनिटं, बोटाला चिकट लागेपर्यंत आटवा. खाली उतरवून चार मोठे चमचे कोकम आगळ आणि चिमूटभर जिरेपूड घाला. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका. मग हे भांडं वीस मिनिटं बाहेर बर्फात रोवून ठेवा. पाक कोमट जरी राहिला तरी तो गोळ्यातून आरपार भोक पाडून खाली वाटीत जमतो. वाट्याही बाहेरच गार करा. दोन कप सैल बर्फाचा दाबून एक गोळा होतो, त्याला तीन चमचे पाक. हातगाडीवरच्या गोळ्याचा बर्फ किसलेला आणि कडक असतो, हा मऊ असतो आणि पाक सगळीकडे सारखा मुरतो. पाच मिनिटांत संपवायचा.

आंबट नको असेल तर सहा कप बर्फात अर्धा कप कंडेन्स्ड मिल्क, वेलचीपूड आणि दुधात खललेलं केशर झटपट कालवा. चमचा थांबला की ते पातळ होतं, म्हणून खाणारे आधी गोळा करा.

बाहेर नेण्यासाठी थर्मासमध्ये चहापेक्षा टोमॅटोचं सार किंवा हुलग्याचं कढण बरं. दोन्ही पोटाला धरून राहतात आणि मुलांनाही देता येतात. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्या, मग सार भरा. जास्त वेळ गरम राहतं.

अंगणातली पाखरं आणि झाडं

ॲनाज हमिंगबर्ड हा अंगठ्याएवढा पक्षी सिएटलमध्ये हिवाळाभर राहतो. रात्री तो शरीराचं तापमान उतरवून निपचित पडतो आणि पहाटे त्याला लगेच खाणं लागतं. नेमकं तेव्हाच साखरपाण्याचं भांडं गोठलेलं असतं. एक भाग साखर, चार भाग पाणी या प्रमाणातलं पाणी उणे २-३ अंशांना घट्ट होतं. साखर वाढवून उपयोग नाही, आणि मध किंवा रंग कधीच घालू नये. दोन भांडी ठेवा: एक रात्री आत घ्या आणि उजाडण्याआधी बाहेर लटकवा, ते गोठायला लागलं की आतलं दुसरं बाहेर. खिडकीजवळ लटकवलंत तर तो गळ्याशी गुलाबी झाक चमकवत, पिसं फुगवून भांड्याच्या दांडीवर बसलेला दोन हातांवरून दिसतो.

ऱ्होडोडेंड्रॉनची पानं थंडीत विडीसारखी गुंडाळून खाली लोंबतात. झाड मेलेलं नसतं, थंडी ओसरली की पानं उघडतात. मात्र त्याच्यावर साचलेला ओला बर्फ झाडूने खालून वर उचलत झटका. वरून खाली आपटलं तर आधीच ताणलेली फांदी तुटते. मोठ्या देवदारांखाली आणि डग्लस फरखाली उभे राहू नका, तिथे बर्फाच्या ढेपा आणि फांद्या अवचित कोसळतात.

फुटपाथ आणि गाडी

घरासमोरचा फुटपाथ साफ करण्याची जबाबदारी सिएटलमध्ये घरमालकाची असते. हे काम सकाळीच, बर्फ पायांनी दाबला जाण्याआधी करा. बर्फ उचलू नका, ढकला. ओल्या बर्फाचं एक भरलेलं फावडं सहज सात-आठ किलोचं असतं आणि शंभर वेळा उचलण्यात छातीवर ताण येतो. हृदयविकार असलेल्यांनी हे काम शेजारच्या तरुणाला द्यावं. शेजारी एकटी आजी राहत असेल तर तिच्याही पायऱ्या मोकळ्या करून द्या.

मीठ बेताने. दहा फुटपाथ-फरशांना कॉफीचा एक मोठा मग पुरतो. जादा मीठ गटारातून लेक वॉशिंग्टन आणि प्युजेट साउंडला जातं, आणि साल्मनला ते सोसत नाही. पकडीसाठी वाळू टाका. पायऱ्यांवर गरम पाणी ओतणं ही सर्वांत महाग चूक आहे, अर्ध्या तासात तिथे काच तयार असते. गाडीच्या काचेवरही उकळतं पाणी नको, ती तडकते.

गाडी काढायचीच असेल तर छपरावरचा बर्फ आधी काढा, नाहीतर ब्रेक दाबताच तो पुढच्या काचेवर घसरतो. इंजिन चालू करण्याआधी धुराडं मोकळं आहे का ते पाहा, बुजलेल्या धुराड्यातून विषारी वायू गाडीत येतो. बसपेक्षा लिंक रेल्वे भरवशाची. मेट्रोच्या बस अशा दिवशी ठरलेल्या बर्फाच्या मार्गांनी जातात आणि टेकड्यांवरचे थांबे वगळतात.

वीज गेली तर

ओला बर्फ फांद्या मोडतो आणि फांद्या तारांवर पडतात, त्यामुळे वीज जाणं इथे ठरलेलंच. फ्रिज उघडू नका, बंद दाराने चार तास अन्न सुरक्षित राहतं. सगळे एका खोलीत बसा, दाराखाली टॉवेल लावा. गॅसची शेगडी स्वयंपाकापुरती, खिडकी किंचित उघडून काडीने पेटवा. घर गरम करायला ती वापरू नका.

कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा जनरेटर घरात, गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत लावू नका, दार उघडं ठेवूनही नाही. डिसेंबर २००६ च्या वादळानंतर वीज गेलेल्या घरांत नेमकं हेच झालं आणि किंग काउंटीत कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली. बाधितांत परदेशातून आलेली कुटुंबं फार होती, कारण त्यांच्या देशात शेगडी घरात पेटवण्याची रीत होती. आपल्याकडेही आहे, म्हणून हे पुन्हा सांगावंसं वाटतं. या वायूला वास नसतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी एकदम दोघा-तिघांना वाटली तर आधी सगळे बाहेर पडा आणि मग ९११ लावा.

संध्याकाळ आणि दुसरी सकाळ

डिसेंबर-जानेवारीत साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. फोटो त्याच्या पाऊण तास आधी घ्या, तेव्हा बर्फावर तिरपा, सोनेरी उजेड उतरतो. फोन बर्फाला राखाडी करून टाकतो. पडद्यावर बोट टेकवून उजेडाची खूण जरा वर सरकवा, बर्फ पांढरा येईल.

अंधार पडायच्या आत घरी या आणि ओले बूट लगेच वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरा. दोन तासांनी कागद बदला. हीटरला चिकटवून ठेवलेल्या बुटांचा तळ सुटतो. रबरी मोजे उलटे करून वाळवा.

दुसऱ्या दिवशी पाऊस परत येतो तेव्हा घरासमोरच्या गटाराची जाळी बर्फाखाली बुजलेली असते. फावड्याने तिच्याभोवती हातभर जागा मोकळी करा आणि पानं बाजूला काढा, म्हणजे वितळलेलं पाणी गॅरेजकडे न वळता सरळ आत जाईल.